सरपोतदारांचे सत्तर रुपये आणि मीमचं व्याकरण

'अशी ही बनवाबनवी' हा सिनेमा 1988मध्ये आला. भाड्याच्या घरासाठी मित्रच बायकांचं सोंग घेतात, त्याची ही गोष्ट. मराठी मीमवाल्यांचं त्याच्यावाचून आजही पान हलत नाही. टी-शर्ट, चहाचे मग, रिक्षाची पाठ, लग्नाच्या आमंत्रणाचे रील, सगळीकडे त्यातले धनंजय माने (अशोक सराफ) हजर असतात. 'धनंजय माने इथंच राहतात' नावाचं नाटकसुद्धा येऊन गेलं आणि त्यात प्रिया बेर्डे होत्या, म्हणजे मूळ सिनेमातलीच कमळी. गंमत अशी की हा सिनेमा स्वतःच दुसऱ्या गोष्टीवरून बेतलेला. हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'चं (1966) कथाबीज घेऊन लेखक वसंत सबनीसांनी ते असं काही पुण्यात आणून वसवलं, की मूळ हिंदी चित्रपट आज फारसा कुणाला आठवत नाही. पुढे 2009मध्ये हिंदीत 'पेइंग गेस्ट्स' आला, त्यातही भाड्याच्या घरासाठी बायका झालेले पुरुष आहेत. त्यातलं एक वाक्य तरी कुणी रोजच्या बोलण्यात वापरतं का?

सबनीसांची वाक्यं फिरतात कारण ती एकेकटी घेतली तर साधीच आहेत. शाब्दिक कोटी जवळपास नाहीच. प्रत्येक वाक्यात एक जागा अशी असते की तिथला शब्द काढून दुसरा बसवता येतो आणि बाकीचं वाक्य जागचं हलत नाही. मात्र नेमकी कुठली जागा सुटी आहे हे ओळखता आलं पाहिजे. बहुतेक विडंबनं फसतात ती इथेच.

'धनंजय माने इथेच राहतात का?' हे वाक्य घ्या. सुटी जागा फक्त नावाची. 'इथेच'मधला 'च' आणि 'राहतात'मधला आदर यांना हात लावायचा नाही. महिन्याच्या तीन तारखेला बँकेच्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट टाकून 'पगार इथेच राहतो का?' लिहिलं तर ते मिळमिळीत होतं. 'पगारसाहेब इथेच राहतात का?' लिहा, लगेच मान्यांना शोधत आलेला परशा (लक्ष्मीकांत बेर्डे) दारात उभा राहतो. परक्या दारात उभं राहून अदबीने चौकशी करणं आणि त्यामुळेच आतल्या माणसाचं पितळ उघडं पडणं, हा मूळ प्रसंग आहे. आदर काढला की प्रसंगच गेला. दुसरं म्हणजे, प्रश्नाचं उत्तर चित्रावर लिहायचं नाही. पुष्कळ जण खाली 'नाही!!!' असं टाकतात आणि हातचा विनोद घालवतात.

साडी नेसलेल्या परशाची ओळख करून देताना माने म्हणतात, 'हा माझा बायको पार्वती'. यातली अट लिंगाची आहे. 'हा माझा' पुल्लिंगी, पुढचा शब्द स्त्रीलिंगी, आणि चित्रात कुणीतरी जे नाही त्याचं सोंग घेतलेलं. 'हा माझा डाएट' चालत नाही, कारण डाएटला पुष्कळ जण पुल्लिंगीच म्हणतात, मग चुकलं कुठे? ट्रेडमिलवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या फोटोखाली 'हा माझा जिम' मात्र दोन्ही अटी पाळतं.

आणि सत्तर रुपये! मधुमेहाचं औषध थेट इस्तंबूलहून मागवून देतो म्हणून माने घरमालक सरपोतदारांकडून पैसे घेतात आणि ते पैसे 'वारतात'. इथे रक्कम बदलायची नाही. कुणी सत्तर हजार करतं, कुणी सत्तर कोटी, आणि मजा तिथेच संपते. सत्तर ही रक्कम मागायला लाज वाटावी इतकी लहान आणि विसरता येऊ नये इतकी मोठी आहे. 'बुडाले' किंवा 'गेले'ही चालणार नाही. वारतो तो माणूस, तेही घरातला वडीलधारा. रक्कम आणि क्रियापद तसंच ठेवून प्रसंग बदला: सहलीचा हिशेब, ग्रुपवर न आलेली वर्गणी, पार्किंगवाल्याकडचे सुटे. चेहरा मात्र सुधीर जोशींचाच हवा. त्या सरपोतदारांच्या चेहऱ्यावर संशय, कंजूषपणा आणि सभ्यता एकाच वेळी दिसते, म्हणून वाक्य संपल्यानंतरची फ्रेम घ्यावी, बोलतानाची नव्हे. बोलतानाच्या फ्रेममध्ये तोंड अर्धवट उघडं आणि डोळे मिटलेले सापडतात.

आता अक्षरांबद्दल, कारण चांगला मीम पुष्कळदा टायपिंगमध्ये मरतो. फोटोशॉपमध्ये वेलांटी उलटीकडे गेली किंवा जोडाक्षर फुटलं, तर दोष फाँटचा नसतो. जुन्या आवृत्त्यांत परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडावा लागतो. अक्षरांमधलं अंतर शून्यावर ठेवा. इंग्रजीच्या सवयीने ते वाढवलं की शिरोरेखा तुटते आणि शब्द कात्रीने कापल्यासारखा दिसतो. 1080 बाय 1080च्या चित्रावर 60-70 पिक्सेलचं अक्षर, फार तर दोन ओळी. ओळींतलं अंतर अक्षराच्या 1.3 ते 1.4 पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारात घुसतो. पांढऱ्या अक्षराला काळी कड द्यायची तर ती बाहेरच्या बाजूने, चारेक पिक्सेलची. आतून दिली तर 'क्ष', 'ज्ञ' यांची पोटं बुजतात. फुकट फाँटांत 'मुक्ता' किंवा 'बालू' घ्या, लांबूनही वाचता येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना एचडी निवडा. जुन्या प्रिंटवरून आलेली फ्रेम आधीच मऊ असते, कमी दर्जात पाठवली तर तिचा पार लगदा होतो.

रील करणाऱ्यांची चूक वेगळी. ते लक्ष्मीकांत बेर्डेंच्या पार्वतीचा बारीक आवाज काढतात, साडी नेसतात आणि तेवढ्यावर थांबतात. साडी नेसलेला पुरुष एवढाच विनोद असता तर सिनेमा कधीच विसरला गेला असता. तिथे डोक्यावर छप्पर जाण्याची भीती आहे. लीलाबाई काळभोरांच्या बंगल्यात जोडप्यांनाच जागा, म्हणून हे सोंग. 'बॅचलर्सना मिळणार नाही' ही पाटी पुण्यात अजूनही दिसते, त्यामुळे भाड्याच्या घरावर केलेली विडंबनं आजही सर्वांत जिवंत वाटतात. क्लिप कापताना वाक्याच्या आधीचा अर्धा सेकंद शिल्लक ठेवा. अशोक सराफांचं टायमिंग त्या थांब्यात असतं. बरेच जण तोच उडवतात आणि मग हसू का येत नाही म्हणून बॅकग्राउंडला ढोल टाकतात.

हक्कांचं थोडक्यात. 1957च्या कॉपीराइट कायद्यात टीका आणि समीक्षेसाठी वाजवी वापराची सूट आहे, विडंबनाचं नाव घेऊन मात्र सूट नाही. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो, म्हणजे हा सिनेमा 2048 संपेपर्यंत मोकळा नाही. एका फ्रेमवरून सहसा कुणी मागे लागत नाही. मूळ आवाजासकट लांब क्लिप टाकली तर व्हिडिओवर दावा येऊ शकतो. ते टाळायचं तर वाक्य स्वतःच्या आवाजात म्हणा. आणि टी-शर्ट छापून विकणार असाल तर चेहरा न वापरता नुसतं वाक्य घेतलं तरी निर्मात्यांची परवानगी आधी मागा.