८×४२ की १०×४२? डोळ्यांच्या सोयीचा हिशेब

दुर्बिणीवरचा पहिला आकडा म्हणजे ती किती पट मोठं दाखवते, दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिमीमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ८×४२ मध्ये ४२ भागिले ८, म्हणजे डोळ्यापाशी येणारा प्रकाशझोत ५.२५ मिमी रुंद. १०×४२ मध्ये ४.२, तर खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये जेमतेम ३.१. भर उन्हात बाहुली दोन-तीन मिमीच असते, त्यामुळे उजेड तिन्हींत पुरतो. फरक पडतो तो डोळा टेकवताना: झोत अरुंद असला की डोळा जरा हलताच कडेने काळी सावली येते. छोटी दुर्बीण थकवते ती यामुळेच.

दहापटीत हाताचा कंप जास्त दिसतो आणि एका वेळी कमी खोलीपर्यंतच स्पष्ट दिसतं, म्हणून फोकसचं चाक सारखं फिरवावं लागतं. हातात धरून पाहायचं तर माझं मत आठपटीलाच.

चष्मा असेल तर 'आय रिलीफ' (नेत्रिकेपासून, म्हणजे डोळा लावायच्या काचेपासून, डोळा जितका दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) किमान १५ मिमी हवा, आयकप (नेत्रिकेभोवतीची कडा) खाली करून.

फोकस कोणत्याही आकारात बिघडतो तो बहुधा डायॉप्टर (दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी कडी) नीट न लावल्यामुळे. उजवी पुढची काच झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावी झाका आणि चाकाला हात न लावता, त्याच वस्तूवर, उजव्या नेत्रिकेची ही कडी फिरवून उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. (काही मॉडेलांत ती डावीकडे असते, मग क्रम उलटा.)