बावन्नावा क्रमांक

अमेरिकेतल्या आयोवा सिटीत शिकत असताना ज्या मित्राबरोबर मी दोन वर्षे एका घरात राहिलो, त्याच्याशी लागलेली माझी एक पैज आजतागायत सुटलेली नाही. पैजेचा विषय होता ल्यूका गार्झा, म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा जवळपास सात फूट उंचीचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू). एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, त्याला पहिल्या तीस खेळाडूंत घेतले जाईल, असे मित्राचे म्हणणे होते. तो आयोवातल्याच एका शेतकरी घरातला असल्याने त्याच्या अंदाजात अभिमानाचा भाग मोठा होता. गार्झाला कोणीच घेणार नाही, असे मी म्हणालो होतो आणि हरणाऱ्याने जेवण द्यायचे ठरले होते.

मी स्वतः नागपूरला कॉलेजच्या संघातून खेळलो आहे. आमच्याकडे चांगल्या खेळाडूचे भवितव्य म्हणजे रेल्वेत किंवा पोलिसांत खेळाडूंच्या कोट्यातून मिळणारी नोकरी, आणि ती मिळाली की घरचे पेढे वाटतात. त्यामुळे कॉलेजचा सामना पाहायला दहा-पंधरा हजार माणसे थंडीत रांगा लावतात, हे दृश्यच मला पहिल्यांदा खरे वाटले नव्हते. आमच्या विद्यापीठाचे क्रीडागृह, कार्व्हर-हॉकआय अरीना, टेकडीच्या उतारात खोदून बांधलेले आहे. रस्त्याच्या पातळीवरून आत शिरले की आपण सर्वांत वरच्या रांगेपाशी असतो आणि मैदान खाली, विहिरीच्या तळासारखे दिसते. तिथून पाहताना गार्झाचे मोठेपण उंचीत नव्हे, तर पायांच्या कामात दिसायचे. बास्केटकडे पाठ करून चेंडू घ्यायचा, एका खांद्याने हूल द्यायची, दुसऱ्या बाजूने वळायचे आणि अंगावर दोन माणसे असतानाही चेंडू अलगद आत सोडायचा, हे सगळे तो एखाद्या जुन्या काळच्या खेळाडूसारखा करत असे.

त्याच्या कर्तृत्वाबद्दल वाद नव्हता. 2018 मध्ये त्याच्या पोटातून सुमारे चार किलोची गाठ शस्त्रक्रियेने काढण्यात आली आणि त्यानंतरही तो त्याच मोसमात खेळला. 2019-20 मध्ये त्याची सरासरी जवळपास 24 गुणांची होती. पुढच्या मोसमात त्याने सामन्यामागे 24.1 गुण आणि 8.7 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) मिळवले, लांबून मारायचे तीन गुणांचे 44 टक्के शॉट आत घातले आणि देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचे सर्व प्रमुख पुरस्कार पटकावले. विद्यापीठाच्या पुरुष संघाच्या इतिहासात सर्वाधिक, म्हणजे 2,306 गुण त्याच्या नावावर आहेत. मार्च 2021 मध्ये, करोनाच्या साथीमुळे जवळजवळ रिकाम्या असलेल्या त्या मैदानात, त्याचा 55 हा क्रमांक यापुढे कोणालाही दिला जाणार नाही असे जाहीर झाले.

इतके असूनही व्यावसायिक संघांचे स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे लोक, त्याच्याविषयी साशंक होते, आणि त्यांचे कारण मला तरी पटत होते. आजच्या एनबीएमधला अर्धा खेळ एकाच युक्तीभोवती फिरतो. चेंडू असलेल्या गार्डसाठी, म्हणजे चेंडू हाताळणाऱ्या चपळ खेळाडूसाठी, त्याचा उंच साथीदार येऊन भिंतीसारखा उभा राहतो, गार्डचा पाठलाग करणारा त्या भिंतीला अडकतो आणि मग समोरच्या संघाच्या उंच माणसाला आपली जागा सोडून त्या चपळ गार्डला अडवायला बाहेर यावे लागते. त्या दोन-तीन सेकंदांत उंच माणसाचे पाय हलले नाहीत, तर एक तर सरळ बास्केट होते किंवा तीन गुणांचा मोकळा शॉट मिळतो. गार्झाचे पाय जागच्या जागी विलक्षण होते, पण मोकळ्या जागेत ते जड पडत. कॉलेजमध्ये हे झाकता येत असे, कारण तिथे असे सलग चाळीस मिनिटे छळू शकतील इतके चांगले गार्ड मोजक्याच संघांकडे असतात. एनबीएमध्ये ते प्रत्येक संघाकडे असतात.

22 मार्च 2021 चा ओरेगॉन विद्यापीठाविरुद्धचा सामना मी शिकागोत टीव्हीवर पाहिला. त्या वर्षीची कॉलेजांची संपूर्ण राष्ट्रीय स्पर्धा साथीमुळे इंडियाना राज्यातच खेळवली गेली होती, आणि प्रतिस्पर्धी संघात रुग्ण आढळल्याने ओरेगॉनला पहिली फेरी खेळावीच लागली नव्हती. त्यांचा संघ उंचीने लहान पण वेगवान होता. गार्झाने 36 गुण केले आणि आयोवा 80-95 असे हरले. त्याला थांबवण्याच्या भानगडीत न पडता त्याला सतत धावायला लावायचे, हा त्यांचा बेत मैदानावर स्पष्ट दिसत होता. स्काउटांच्या मनातला प्रश्न त्या एका निकालात मांडला गेला होता. हा माणूस आपल्याला जितके गुण मिळवून देईल, तितके दुसऱ्या टोकाला राखू शकेल का?

एनबीएमध्ये तीस संघ आहेत आणि प्रत्येकात पंधरा नियमित करार, म्हणजे जागा साडेचारशे. ड्राफ्टमध्ये दरवर्षी साधारण साठ नावे पुकारली जातात. पहिल्या तिसांच्या करारातली पहिली दोन वर्षे हमीची असतात, तर उरलेल्यांना तशी हमी नसते. दुसरीकडे कॉलेजच्या वरच्या श्रेणीतच साडेतीनशेच्या आसपास संघ आहेत. अशा गर्दीत वय हा मोठा मुद्दा होतो, कारण एकोणीस वर्षांच्या मुलात संघ भविष्य पाहतात आणि बावीस वर्षांच्या मुलात जे आहे तेवढेच पाहतात. गार्झाने 2020 मध्येच ड्राफ्टसाठी नाव दिले होते आणि ऑगस्टच्या सुरुवातीला ते मागे घेतले. तेव्हा मित्राने आनंदाने उडी मारली होती. मला मात्र वाटले होते की हा मुलगा आणखी एका वर्षाने म्हातारा होऊन तिथेच परत येणार. शिवाय खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा कॉलेज क्रीडा संघटनेने दिली ती 1 जुलै 2021 ला, म्हणजे त्याची कारकीर्द संपल्यावर तीन महिन्यांनी. आजचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू राहून लाखो डॉलर मिळवू शकतो. गार्झाच्या वाट्याला शिष्यवृत्ती आणि टाळ्या आल्या.

वयाविषयीचे माझे मत मात्र नंतर थोडे बदलले, आणि त्याला कारण आयोवाचाच दुसरा खेळाडू ठरला. गार्झाच्या अखेरच्या मोसमात कीगन मरे हा राखीव म्हणून बाकावरून उतरत असे आणि त्याची सरासरी सात गुणांची होती. पुढच्या वर्षी ती 23.5 वर गेली आणि जून 2022 मध्ये सॅक्रामेंटो किंग्जने त्याला थेट चौथ्या क्रमांकावर घेतले. त्या वेळी मरेचे वयही बाविशीला टेकलेले होते. म्हणजे वय हे गार्झाच्या बाबतीत निम्मे कारण असावे आणि उरलेले निम्मे पायांत असावे. मरे उंचही होता आणि गार्डमागे धावूही शकत होता.

ड्राफ्टची रात्र 29 जुलै 2021 ची. डेट्रॉइट पिस्टन्सने अगदी पहिल्या क्रमांकावर केड कनिंगहॅमला घेतले, ज्याने कॉलेजात एकच वर्ष काढले होते. पहिल्या तिसांची फेरी संपली तेव्हा मित्राचा फोन आला आणि त्याच्या आवाजावरून तो जेवण देण्याच्या तयारीला लागला असावा असे वाटले. एकेचाळिसाव्या क्रमांकावर सॅन अँटोनियोने जो वीसकॅम्पचे नाव घेतले. हा आयोवाच्याच संघातला, गार्झाच्या सावलीत खेळलेला नेमबाज. मग बावन्नाव्या क्रमांकावर, त्याच डेट्रॉइटने, ल्यूका गार्झाचे नाव पुकारले.

बावन्न हा आकडा भारतीय चाहत्याला सहज विसरता येत नाही. 2015 मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलस मॅव्हेरिक्सने याच क्रमांकावर निवडले होते आणि भारतात जन्मलेला पहिला खेळाडू एनबीएने निवडला म्हणून आपल्या वर्तमानपत्रांनी रकाने भरले होते. सतनामला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. त्यामुळे फोनवर मी मित्राला म्हणालो की निवड होणे आणि खेळणे यांत फार अंतर आहे, घोडामैदान अजून पुढे आहे.

गार्झा पहिल्या वर्षी डेट्रॉइटकडून 32 सामने खेळला आणि मग त्याला सोडून देण्यात आले. पुढे मिनेसोटाने त्याला दुहेरी करारावर घेतले. या करारातला खेळाडू मुख्य संघ आणि त्याचा दुय्यम लीगमधला संघ यांच्यात ये-जा करतो. मिनेसोटाच्या मुख्य संघात त्याच्यापुढे रूडी गोबेर होता, कार्ल-अँथनी टाऊन्स होता आणि ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेला नाझ रीडही होता, त्यामुळे तिथे बसायला जागा मिळाली तरी खेळायला मिळणे अवघड होते. त्यांचा दुय्यम संघ डी मॉइनमध्ये खेळतो, म्हणजे आयोवा सिटीपासून मोटारीने दोन तासांच्या आत. फिरून फिरून तो पुन्हा आयोवातच आला होता. मित्र एका शनिवारी तिकडे जाऊन आला आणि त्याने प्रेक्षकांचा फोटो पाठवला, त्यात काळ्या-पिवळ्या 55 क्रमांकाच्या बनियनांची एक अख्खी रांग होती.

मिनेसोटाने त्याला नंतर नियमित करार दिला आणि 2025 च्या उन्हाळ्यात तो बोस्टन सेल्टिक्सकडे गेला. ती बातमी वाचून मी मित्राला संदेश पाठवला की जेवण मी देतो. त्याचे उत्तर आले की पैज तीस क्रमांकांची होती, तेव्हा हरला तर तोही आहे, आणि अर्धे बिल त्याचे.