आईची सिटिझनशिप, मराठी दुभाषी आणि मतदानाआधीची परीक्षा : माझा अनुभव

मत देण्याआधी माणसाला देशाच्या कारभाराची किती माहिती आहे हे तपासावं, असं म्हणणारे मला अमेरिकेत आल्यापासून भेटत आले आहेत. त्यात आपले मराठी लोकही कमी नाहीत. शिकलेली, सज्जन माणसं आहेत ती. आईच्या सिटिझनशिपच्या निमित्ताने मी जे पाहिलं, त्यानंतर त्यांना माझा एकच प्रश्न असतो : तपासणार कोण?

आई वाळवा तालुक्यातली, शाळा चौथीपर्यंत. २००२ साली ग्रीन कार्डवर न्यू जर्सीला आली. माझी दोन्ही मुलं तिनेच वाढवली. २०२३ मध्ये ती म्हणाली, "इथंच मरायचं तर इथं मत तरी देऊन मरू दे." मी लगेच एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज भरला. फॉर्म, फी, बोटांचे ठसे, सगळं बिनबोभाट झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

नागरिकत्वाच्या मुलाखतीत इथल्या इतिहासाची आणि कारभाराची तोंडी परीक्षा घेतात. वय ६५ च्या पुढे आणि ग्रीन कार्डला २० वर्षं झालेली असतील, तर ती सोपी असते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तेव्हाच्या १०० प्रश्नांपैकी तारा (*) लावलेले २० प्रश्नच करायचे. त्यातले १० विचारतात, ६ बरोबर आले की पास. इंग्रजी वाचून-लिहून दाखवावं लागत नाही, परीक्षा आपल्या भाषेत देता येते. (२० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्या बाकीच्यांसाठी १२८ प्रश्न झालेत, २० विचारतात आणि १२ यावे लागतात. ज्येष्ठांची सवलत तशीच आहे.)

आईने शाळेच्या वहीत वीसही प्रश्न मराठीत उतरवून घेतले. भाजी निवडताना वही शेजारी उघडी असायची. संसदेची दोन सभागृहं कोणती, झेंड्यावर ५० तारे का, लिंकनने काय केलं, मार्टिन लूथर किंग कोण. राज्याच्या दोन सिनेटरांपैकी एकाचं नाव सांगायचं असतं, तिने कोरी बुकर निवडला, कारण नाव छोटं. राज्याची राजधानी ट्रेंटन. नातू इंग्रजीत विचारायचा, मी मराठीत सांगायची, ती फटाफट उत्तरं द्यायची. इंटरव्ह्यूच्या कितीतरी आधी तिचं सगळं पाठ झालं होतं.

आणि मग दुभाष्यावर घोडं अडलं.

परीक्षा आपल्या भाषेत देता येते, पण दुभाषी आपण न्यायचा. मुलाखतीच्या पत्रात एवढंच होतं. मीच दुभाषी म्हणून आईबरोबर गेले. आत बोलावल्यावर ऑफिसरने मला विचारलं, तुम्ही कोण? मुलगी, म्हटलं. मुलगी चालणार नाही, त्रयस्थ माणूस हवा. हे पत्रात कुठे लिहिलंय, असं मी विचारलं. तो म्हणाला, हे ठरवण्याचा अधिकार माझा आहे. नियमाने तो खरोखरच त्याचा आहे. म्हणजे शेजारच्या खोलीतला ऑफिसर मुलीला चालवूनही घेईल, आणि आमच्या वाट्याला आलेला घेणार नाही. इस्त्रीची साडी, वर स्वेटर, मांडीवर कागदांची फाईल, आणि एकही प्रश्न न विचारता आईला परत पाठवलं. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "मला येत होतं गं सगळं." तिचा तो आवाज आठवला की माझं अजून डोकं फिरतं.

त्यानंतर मराठी दुभाष्याचा शोध. एजन्सींना फोन लावले. हिंदी आहे, गुजराती आहे, पंजाबी आहे. मराठी? थांबा, बघतो. मग उलटा फोन : हिंदी चालेल ना, सगळे इंडियन हिंदी बोलतात. आईचं हिंदी मालिकांपुरतं. एका ठिकाणी मराठी मिळाला, पण फक्त फोनवरून. ऑफिसात फोनवरचा चालेल का, हे विचारायला हेल्पलाइनवर तासन् तास ताटकळत बसले. प्रत्येक वेळी नवा माणूस आणि नवं उत्तर. शेवटी मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नागपूरच्या एक निवृत्त शिक्षिका भेटल्या, पैसे न घेता यायला तयार झाल्या. देवच पावला म्हणायचं! नवी तारीख आली, त्यांनी त्या दिवसाची त्यांची डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढे ढकलली, आणि जवळ आल्यावर टपालाने पत्र : काही अपरिहार्य कारणामुळे मुलाखत रद्द, पुढची तारीख कळवू. कारण काय, कधी कळवणार, काही नाही. महिने गेले. आई रोज दुपारी टपालपेटी उघडून यायची. वही तिने बंद केली नव्हती, पण मध्येच विचारायची, "प्रेसिडेंट तोच आहे ना अजून?"

मधल्या काळात एका स्नेह्यांच्या घरी जेवायला होतो. तिथे एक गृहस्थ रंगात येऊन सांगत होते की आपल्याला एवढा अभ्यास करावा लागतो, मग इथे जन्मलेल्यांना का नाही? त्यांनाही मतदानाआधी हीच परीक्षा लावा, बघा कशी चांगली माणसं निवडून येतात. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असलेल्या विवेक रामस्वामी यांनी २०२३ च्या प्रचारात असाच काहीसा प्रस्ताव मांडला होता : २५ च्या आतल्यांनी ही परीक्षा पास व्हावी किंवा सैन्यात वगैरे सेवा करावी, तरच मत. इथल्या सर्वसाधारण लोकांना हे प्रश्न येत नाहीत हे खरं आहे. २०१८ च्या एका पाहणीत तीनातला जेमतेम एक पास झाला होता. पण माझी आई तर पास होणारी होती! तिला अडवलं ते अज्ञानाने नाही.

अशी परीक्षा या देशाने घेऊन पाहिलेली आहे. मिसिसिपीत नोंदणी करणारा कारकून राज्यघटनेतलं कलम निवडायचा आणि अर्जदाराने त्याचा अर्थ त्याला पटेल असा सांगायचा. गोऱ्याला सोपं कलम, काळ्याला अवघड. लुइझियानात १९६४ साली दहा मिनिटांत तीस प्रश्नांचा पेपर होता, एक चुकलं तरी नापास. असे काळे शिक्षकही नापास होत, जे गोऱ्या कारकुनापेक्षा जास्त शिकलेले होते. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने ते मोडून काढायला सुरुवात केली, आणि देशभराची कायमची बंदी यायला १९७५ उजाडलं. हे सगळं मी त्या गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, आता काळ बदलला, आता कॉम्प्युटरवर घेतील. कॉम्प्युटरपर्यंत पोचायची तारीख कोण देणार, भाषा कोण ठरवणार, अपंगाला कोण आणणार, यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

इंग्रजांच्या राज्यात आपल्याकडेही कर, मालमत्ता आणि शिक्षण बघूनच मत मिळायचं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढांना मताधिकार मागितला, तेव्हा बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे त्यांना माहीत नव्हतं का? १९५२ ला माझ्या आजीने निशाणी बघून पेटीत चिठ्ठी टाकली. अंगठा उठवणारी बाई ती. त्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. तिथेही माहिती कमी पडली नव्हती, रकाना भरला गेला नव्हता.

आईने स्वतः १९७७ पासून इथे येईपर्यंत एकही निवडणूक चुकवलेली नव्हती. साखर कारखान्याच्या निवडणुकीत उसाचं बिल कुणी थकवलंय हे तिला पॅनेलवाल्यांपेक्षा नीट ठाऊक असायचं. ते कुठल्या वीस प्रश्नांत बसणार?

एक सांगायचं राहिलं. दुभाष्याचा जी-१२५६ नावाचा फॉर्म असतो, त्यावर आधी सही करू नका, ऑफिसरसमोरच करायची असते. दुभाष्याने स्वतःचं फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र न्यायचं. आणि दुभाषी शक्यतो नात्यातला नकोच, हे पहिल्यापासून गृहीत धरा. विस्मरण किंवा तसा आजार असेल, तर डॉक्टरांनी भरायचा एन-६४८ वेगळा आहे.

शेवटी तारीख आली. नागपूरच्या बाई आल्या. ऑफिसर दुसरी होती, हसून बोलली. आईने पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली आणि तिथेच परीक्षा संपली. बाहेर येऊन आई म्हणाली, "उरलेले विचारलेच नाहीत!" मला इतका अभिमान वाटला की पार्किंगमध्येच भावाला सांगलीला फोन लावला, तिकडे मध्यरात्र होती.

शपथ झाल्यावर मतदार नोंदणी लगेच करा, न्यू जर्सीत निवडणुकीच्या २१ दिवस आधीपर्यंतच मुदत असते. ५ नोव्हेंबर २०२४ ला आई मतदानाला गेली. केंद्रावर मतदार यादीत सही केली, कुणी तिला एक अक्षर विचारलं नाही. तसंच असायला हवं.

भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढायचं काम वेगळं, ते सोपं गेलं. आमच्या भागात कुणाच्या आईवडिलांना मराठी दुभाषी लागला तर मंडळात सांगून ठेवा. नागपूरच्या बाईंबरोबर आता मीही जाते. नात्यातली नसल्यामुळे मला कुणी उठवत नाही.