सिव्हिल थ्रीडीमधील पॉइंट लेबल: कागदावरच्या दहा मिलिमीटरचा हिशोब

सिव्हिल थ्रीडी या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये, पाच मीटरच्या ग्रिडवर घेतलेल्या लेव्हल्स (म्हणजे जमिनीच्या मोजलेल्या उंची) १:५०० प्रमाणाच्या शीटवर मांडल्या की शेजारच्या दोन पॉइंट्समध्ये कागदावर दहा मिलिमीटर उरतात, आणि पॉइंटशेजारी छापले जाणारे लेबल कसे असावे याचा विचार माझ्या मते या दहा मिलिमीटरपासूनच सुरू व्हायला हवा. पुणे परिसरातील ५६२.४८३ अशी एखादी आरएल (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे ठरलेल्या पातळीपासूनची उंची मीटरमध्ये) एरियल फॉन्टमध्ये २ मिमी उंचीने लिहिली, तर ती सुमारे दहा मिलिमीटर रुंद होते आणि शेजारच्या आकड्याला चिकटते. शेवटचा अंक काढला की ती साडेआठ मिलिमीटरवर येते आणि सुखाने वाचता येते. शेतजमिनीवर प्रिझमचा पोल (मोजणीचा आरसा लावलेली काठी) टेकवून घेतलेल्या लेव्हलमध्ये मिलिमीटरला तसाही अर्थ नसतो. तो बेंचमार्कला, म्हणजे उंची पक्की ठरलेल्या संदर्भबिंदूला, असतो, म्हणून बेंचमार्कसाठी तीन दशांश स्थळांची वेगळी स्टाइल ठेवावी.

सॉफ्टवेअरच्या मूळ लेबल स्टाइलमध्ये पॉइंटचा क्रमांक, लेव्हल आणि वर्णन अशा तीन ओळी येतात. त्यांतला क्रमांक तपासणीपुरता हवा असतो. साइटवर शीट उघडून उभ्या असलेल्या इंजिनिअरला त्याचा उपयोग नाही. टूलस्पेस या बाजूच्या पॅनेलच्या सेटिंग्ज टॅबमधून मूळ स्टाइलची कॉपी करावी, लेआउट टॅबमध्ये क्रमांकाची व्हिजिबिलिटी फॉल्स करावी आणि लेव्हलच्या कन्टेन्ट्समध्ये प्रिसिजन ०.०१ करावे. येथे नवीन माणूस हमखास अडतो, कारण उजवीकडचा मजकूर सिलेक्ट करून, डावीकडे प्रिसिजन बदलून, मधले बाणाचे बटण दाबल्याखेरीज बदल लागूच होत नाही. टेक्स्टची उंची मात्र छापील कागदावरचीच भरावी. १:५०० ला २ मिमी म्हणजे मॉडेलमध्ये १ मीटर, हा गुणाकार सॉफ्टवेअर स्वतः करते.

खरी मेहनत वाचते ती डिस्क्रिप्शन की सेटमुळे, म्हणजे सर्व्हेअरच्या कोडवरून पॉइंटचे रूप ठरवणाऱ्या नियमांच्या (‘की’च्या) यादीमुळे. सर्व्हेअरने झाडाला ‘टीआर ०.४५ १२’ असा कोड दिला असेल, तर ‘टीआर’ला जोडलेली की त्या पॉइंटला झाडाचे चिन्ह, लेबल स्टाइल आणि लेयर एकदमच देते, आणि फॉरमॅटच्या रकान्यात $१ व $२ (कोडनंतरचा पहिला व दुसरा आकडा) वापरले की खोडाचा व्यास आणि उंची हव्या त्या शब्दांत मांडता येतात. मात्र लेबलमध्ये रॉ डिस्क्रिप्शनऐवजी (सर्व्हेअरने दिलेल्या मूळ कोडऐवजी) फुल डिस्क्रिप्शन (फॉरमॅटमधून तयार झालेले वर्णन) निवडावे लागते, नाहीतर फॉरमॅट शीटवर दिसत नाही. इंग्रजी कोडची लहान व मोठी लिपी वेगळी धरली जाते, त्यामुळे मोजणीला जाण्यापूर्वीच सर्व्हेअरच्या हाती कोडची यादी द्यावी; ऑफिसात बसून शेकडो पॉइंट्सची वर्णने दुरुस्त करणे हा वेळेचा निव्वळ अपव्यय आहे.

कीने दिलेली स्टाइल पॉइंट ग्रुपच्या (पॉइंट्सच्या एकत्र केलेल्या गटाच्या) स्टाइलपेक्षा वरचढ ठरते. एखाद्या शीटपुरती सगळी लेबले बदलायची असतील, तर ग्रुपच्या प्रॉपर्टीजमधील ओव्हरराइड्समध्ये खूण करावी आणि तो ग्रुप यादीत सर्वांत वर आणावा. एवढे करूनही नाल्याच्या काठावर किंवा चौकात काही लेबले हाताने ओढून बाजूला घ्यावी लागतातच. त्यासाठी लेबल स्टाइलच्या ड्रॅग्ड स्टेट टॅबमध्ये (ओढल्यावर लेबल कसे दिसावे ते येथे ठरते) स्टॅक्ड टेक्स्टऐवजी ॲज कम्पोज्ड आधीच निवडून ठेवावे, म्हणजे ओढलेले लेबलही मूळ रचनेतच राहते.