माड आणि फणस यांच्यामध्ये

गोव्यातल्या बोरीच्या उतारावर रात्री पावसात वासरू आडवं आलं. मी गाडी डावीकडे वळवली आणि ती चिऱ्यांच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, आदळली. वासरू वाचलं. बाबांच्या मारुती ८०० चा डावा कोपरा मात्र चेपला: हेडलाइट फुटला, बॉनेट दुमडलं, रेडिएटर पंख्यावर जाऊन टेकला. रस्त्यावर इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट दिसताच इंजिन बंद केलं, ते पुन्हा लावलंच नाही. इंजिनाचा वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, पाण्यावाचून तापलं की वाकतं. गाडी ओढून बांदोड्याला घरी आणली.

गॅरेजमध्ये म्हणाले, पुढचा भाग कापून नवा लावू. बाबा गप्प बसले. त्यांची ती पहिली गाडी. मी म्हटलं, आधी मोजू या.

बॅटरीची वायर काढली आणि हातोडीआधी टेप हातात घेतला. एका बाजूच्या शॉकअबच्या (शॉक अब्सॉर्बरच्या) वरच्या बोल्टपासून रेडिएटर सपोर्टच्या, म्हणजे रेडिएटर धरणाऱ्या चौकटीच्या, दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजायचं, मग उलट बाजूने. गाडी सरळ असेल तर दोन्ही मापं सारखी येतात. आमच्यात १८ मिलिमीटरचा फरक. खालची चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मात्र कुठेही सुरकुतलेली नव्हती. ती दुमडली असती तर मी घरी हात लावला नसता. अपघातात आतल्या माणसाला तीच सांभाळते.

गाडी मागून माडाला बांधली, पुढून चेन पुलीने, म्हणजे साखळीने ओढायच्या हातयंत्राने, फणसाला. साखळी तुटली तर उसळू नये म्हणून तिच्यावर ओली गोणपाटं टाकली आणि बाबांना बाजूला उभं केलं. मार समोरून बसलेला, म्हणून ताणही सरळ समोरच. पहिल्या दिवशी फरक शून्यावर आणून साखळी सैल केली, तर पत्रा ५ मिलिमीटर मागे गेला. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त ओढलं आणि ताण असतानाच दुमडीवर हलके ठोके देत राहिलो. बाबा दर चार ठोक्यांनी माप सांगत होते. शेवटी साखळी सोडल्यावर २ मिलिमीटरचाच फरक उरला.

उघड्या पत्र्याला लगेच गंज रोखणारा रेड ऑक्साइड रंग मारला. आमच्या पावसात एका रात्रीत गंज धरतो. रेडिएटर नवा, हेडलाइट जुन्या मालातला. अंगणात सांडलेलं कूलंट पुन्हापुन्हा धुतलं, ते गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या आराशीचं, सामान फोंड्याहून त्याच गाडीतून आणलं. बाबांनी बॉनेट उघडून दोनदा बंद केलं, फटीवरून बोट फिरवलं आणि नारळ उतरवायला लागले.