पटावर नसलेली मशीनं

शिपाईमामांनी लॅबचं कुलूप काढलं तेव्हा आत झेंडूचा कुबट वास कोंडलेला होता. खंडेनवमीला पूजा झाली, हार तसेच राहिले आणि मग दिवाळीची सुट्टी लागली. प्रत्येक सीपीयूच्या डब्यावर कुंकवाची बोटं, वर वाळून काळपट झालेलं एकेक फूल. एकाच्या तर मागच्या पंख्यात पाकळ्या अडकल्या होत्या. ब्रशनं त्या काढल्या आणि मगच बॅग उघडली.

माझं वडूजला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ही माध्यमिक शाळा तिथून चौदा किलोमीटरवर. वर्षाचं मेंटेनन्स माझ्याकडे असतं, म्हणजे सुटतात ते पेट्रोलचे पैसे. लॅबमध्ये अठरा मशीनं: बारा डेस्कटॉप, सहा नेटबुक. नेटबुक एका माजी विद्यार्थ्यानं पुण्याहून पाठवलेली, आत इंटेलचा ॲटम एन-२७०, रॅम एक जीबी. २०१७ साली ही सगळी मशीनं मी विंडोजवरून काढून डेबियनवर आणली, म्हणजे लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका प्रकारावर. पोरं त्यावर इनस्क्रिप्ट कीबोर्डवरचं मराठी टायपिंग शिकतात, लिबरऑफिसमध्ये अर्ज लिहितात, पाचवीची लहान मंडळी जीकॉम्प्रीवर खेळतात.

त्या आठवड्यात माझी छाती जरा फुगलेली होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि दुकानात रांग लागली. जो येईल त्याला मी एकच सांगत होतो, लिनक्स टाका, लिनक्स कुणाला टाकत नाही. वाक्य मलाच इतकं आवडलं होतं की एका गिऱ्हाइकाला दोनदा ऐकवलं.

ऑगस्टमध्ये डेबियन १३ आलं होतं. आमच्या लॅबवर ११ होतं. सुट्टीत सगळी मशीनं एकदम १३ वर न्यायची असं ठरवून आदल्या रात्री मी फाईल उतरवायला बसलो. ६४-बिटची, म्हणजे नव्या जातीच्या सीपीयू चिपसाठीची, लगेच दिसली; ३२-बिटची, जुन्या जातीसाठीची, कुठेच नाही. रात्रीचे साडेबारा झालेले. नजर चुकत असेल म्हणून ६४-बिटचीच पेनड्राइव्हवर चढवली. सकाळी तोच पेनड्राइव्ह पहिल्या नेटबुकला लावला. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. ह्या कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, एक्स-८६-६४ (६४-बिट) जातीचा सीपीयू लागतो, सापडला फक्त आय-६८६ (३२-बिट). बूट करता येत नाही. बस्स. खाली कर्सर लुकलुकत राहिला.

लॅबच्या भिंतीवर 'वाचाल तर वाचाल' असं ऑइलपेंटनं लिहिलंय. त्याच्याच खाली बाकावर बसून मी मोबाईलवर १३ च्या रिलीज नोट्स, म्हणजे नव्या आवृत्तीबरोबरच्या सूचना, उघडल्या. खरं तर त्या आधी वाचायच्या असतात. तिथं लिहिलेलं: आय-३८६ ही आर्किटेक्चर, म्हणजे सीपीयूची ३२-बिट जात, आता नेहमीची राहिलेली नाही. तिच्यासाठी कर्नल नाही, इन्स्टॉलर नाही. ३२-बिट मशीनवाल्यांनी १३ वर येऊ नये. जमत असेल तर ६४-बिट नव्यानं टाकावं, नाहीतर हार्डवेअर निवृत्त करावं. त्यातही गंमत अशी, की आय-३८६ चे प्रोग्रॅम अजून ठेवलेत, ते कशाला तर ६४-बिट मशीनवर जुनी सॉफ्टवेअरं चालावीत म्हणून. प्रोग्रॅम राहिले, मशीनं गेली.

मला राग आला. कंपनीनं असं केलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं, तिचा धंदाच तो. पण डेबियन १९९३ पासून फुकट काम करणाऱ्यांनी चालवलंय आणि सुरुवात याच आय-३८६ वर झाली होती. आपल्याच माणसानं दाराबाहेर उभं केल्यासारखं वाटलं.

रागातच उठलो आणि प्रत्येक डेस्कटॉपवर एलएससीपीयू ही कमांड मारत गेलो. ती सीपीयूची कुंडली दाखवते. दुसऱ्याच ओळीत आलं: ३२-बिट, ६४-बिट. पुढच्या मशीनवर तेच. त्याच्या पुढच्यावरही तेच. बारापैकी दहा डेस्कटॉप पहिल्यापासून ६४-बिटचे होते! खरी ३२-बिटची फक्त दोन, जुनी पेंटियम ४. २०१७ साली एकच पेनड्राइव्ह सगळीकडे चालावा म्हणून मी अठराही मशीनांवर सरसकट ३२-बिट टाकलं होतं, आणि नंतर दर वेळी त्याच्यावरच अपग्रेड करत आलो. आठ वर्षं दहा मशीनं माझ्या आळसापायी ३२-बिट म्हणून जगत होती.

अकराच्या सुमाराला मॅडम आल्या. मुख्याध्यापिका, सुट्टीतही कुठले ना कुठले ऑनलाइन फॉर्म भरायचे असतात, म्हणून आलेल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय हो दादा, बिघडलं का काही?"

मी सांगायला लागलो. ३२-बिटच्या प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार जीबी मेमरी दिसते, दोनाचा बत्तिसावा घात, ४,२९,४९,६७,२९६ बाइट, त्याच्या पलीकडचा पत्ताच लिहिता येत नाही. आजचे ब्राउझर एवढे अवजड झालेत, की ते तयार करतानाच ही जागा पुरेनाशी होते. वापरायला नाही, नुसते बांधायला. आणि एक आर्किटेक्चर ठेवायची म्हणजे हजारो पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, तिच्यासाठी वेगळी बांधायची, फुटलं की कुणीतरी रात्री बसून दुरुस्त करायचं. पगार नाही. बसणारे कमी झाले. क्रोमनं ३२-बिट लिनक्स २०१६ सालीच सोडलं, फायरफॉक्सनंही सोडत असल्याचं जाहीर केलंय.

"पण वापरणारी माणसं आहेत ना? तुम्हीच आहात की."

"त्यांना कुठं माहितीय?" मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझंच मला लागलं. डेबियन टाकताना शेवटी शेवटी एक प्रश्न येतो: कुठली पॅकेजं वापरता याची माहिती आम्हाला निनावी पाठवाल का? पॉपकॉन म्हणतात त्याला. कोणती आर्किटेक्चर कितीजण वापरतात याचा त्यातल्या त्यात अंदाज त्यावरून येतो. उत्तर आधीपासूनच 'नाही'वर असतं. अठराही मशीनांवर मी तिथं नुसतं एंटर मारलं होतं. इथं नेट म्हणजे मॅडमचा मोबाईल. त्यांचा डेटा कशाला जाळायचा?

हे सांगितल्यावर मॅडमनी चष्मा काढला. "अहो, मग ही संच मान्यताच झाली की!"

शाळेतल्या माणसाला जास्त सांगावं लागत नाही. पटावर किती मुलं आहेत त्यावर किती शिक्षक मंजूर हे ठरतं, ती संच मान्यता. आणि आता पटावरचं मूल मोजायचं तर त्याचं आधार व्हॅलिड पाहिजे. मूल रोज वर्गात येतं, कविता म्हणतं, पण नावातल्या एका वेलांटीपायी आधार जुळत नाही, म्हणून ते मोजणीत नाही. मग शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचं समायोजन दुसऱ्या तालुक्यात. मॅडमनी गेल्या वर्षी असा एक शिक्षक जाताना पाहिला होता. "वर बसलेल्याला कागदावर दिसतं तेवढंच दिसतं. तुमची अठरा पोरं वर्गात, पण एकाचंही आधार व्हॅलिड नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही क्लार्कवर चिडताय."

मग ऑफिसात फोन वाजला म्हणून त्या गेल्या.

दहा डेस्कटॉपचा प्रश्न मिटला होता. राहिली आठ मशीनं. डेबियन १२ ला ३२-बिट चालतं. जून २०२६ पर्यंत डेबियनचीच सुरक्षा टीम त्याच्याकडे बघणार आणि पुढे ३० जून २०२८ पर्यंत दुसरी एक मंडळी, ज्यांना काही कंपन्या पैसे देतात. १२ चा ३२-बिट पेनड्राइव्ह दुकानात होता. दोन डेस्कटॉपना १३ लावून दिलं, मामांना म्हटलं पडद्यावरची पट्टी पुढं सरकतीय एवढं बघा, आणि गाडीला किक मारली.

चौदा किलोमीटरमध्ये राग उतरायला वेळ मिळतो. २०१७ साली मी ज्या डेबियन ९ चं कौतुक करत ही लॅब उभी केली, त्याच ९ नं ५८६ म्हणजे मूळच्या पेंटियम जातीच्या सीपीयूंना सोडलं होतं. मला तेव्हा पत्ताही नव्हता, कारण माझ्याकडे त्यातलं एकही नव्हतं. लिनस टॉरवल्ड्सनं १९९१ साली लिनक्स लिहिलं तेच मुळी ३८६ या चिपवर, आणि डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्समधून ३८६ काढायचा बदल आला तेव्हा त्यानंच तो घेतला, वर आपण भावनाप्रधान नाही असंही लिहिलं. ते वाचून मला मजा वाटली होती.

दुकानापाशी आलो आणि स्वतःच्याच बोर्डाकडे लक्ष गेलं. 'कॉम्प्युटर, प्रिंटर, यूपीएस' आणि खाली एक ओळ पांढऱ्या रंगानं झाकलेली. ऊन तिरपं पडलं की आतली अक्षरं अजून दिसतात: सीआरटी मॉनिटर दुरुस्त करून मिळतील. त्या जुन्या डबा मॉनिटरांचे फ्लायबॅक हे सुटे भाग मिळेनासे झाले, एका मॉनिटरमागे अख्खा दिवस जायला लागला, गिऱ्हाईक दोनशेच्या वर देईना. एका रविवारी मीच ब्रश फिरवला. कुणाला विचारलं नव्हतं. नंतर वर्षभर म्हातारी माणसं रिक्षात मॉनिटर घालून यायची आणि मी त्यांना पायरीवरूनच परत पाठवायचो.

पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये तळाशी सापडला, त्यावर चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरात '१२ – ३२'.

दुपारभर काम चाललं. डेस्कटॉप एकेक करून ६४-बिट १३ वर गेले. रॅम दोनच जीबी, पण एक्सएफसीई हा हलका इंटरफेस टाकल्यामुळे बरे पळतात. दोन पेंटियम आणि सहा नेटबुकवर १२. ॲटमवर इन्स्टॉलेशनला इतका वेळ लागतो की मध्ये मामांनी दोनदा चहा केला. एका नेटबुकची बॅटरी फुगली होती, ती काढून टाकली. आता ते फक्त चार्जर लावूनच चालेल. मामांनी तोवर सगळे हार गोळा करून परसबागेतल्या खड्ड्यात टाकले.

आठही मशीनांवर मी पांढऱ्या पट्टीनं तारीख चिकटवली, औषधाच्या पाकिटावर असते तशी: जून २०२८. मॅडम संध्याकाळी बघायला आल्या तेव्हा त्यांनी ती वाचली.

"हे काय?"

"इथपर्यंत चालतील. मग निवृत्त."

"माझी मे २०२८," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा एक महिना जास्त दिलात की यांना."

शेवटच्या नेटबुकवर तो पॉपकॉनचा प्रश्न पडद्यावर उभा होता. बाकीच्या सतरांवर मी दिवसभरात 'हो' केलं होतं. हा एक त्यांच्यासाठी ठेवला. बाण कुठे न्यायचा ते दाखवलं, त्यांनी जपून 'हो'वर नेऊन एंटर दाबलं आणि लगेच विचारलं, "झालं का व्हॅलिड?"

म्हटलं, अजून नाही. माहिती आठवड्यातून एकदा जाते, तीही नेट असेल तरच. त्यांनी पर्समधून मोबाईल काढला, हॉटस्पॉट चालू केला आणि टेबलावर ठेवून दिला.

"मग थांबू या जरा," म्हणाल्या. मी म्हटलं मॅडम, आज नाही जाणार, पुढच्या आठवड्यात कधीतरी जाईल. तरी मोबाईल त्यांनी पाच मिनिटं तिथंच ठेवला.