धूर कुठून काढणार?

"धूर कुठून बाहेर काढणार?" लेझर कटरवर हात बसलेल्या मित्राने आज एवढंच विचारलं. मला लेझर कटर, म्हणजे लेझर किरणाने जाळत वस्तू कापणारं यंत्र, घ्यायचंय. डायोड (इलेक्ट्रॉनिक चिपचा) लेझर घ्यावा की सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा), किती वॅटचा, बेड म्हणजे माल ठेवायची जागा केवढी, हे सगळं मी लिहून नेलं होतं. त्याने कागदाकडे पाहिलंही नाही.

तो खिडकीबद्दलच बोलत राहिला. पाइप आखूड हवा, वळणं कमी हवीत. पंखा पाइपच्या बाहेरच्या टोकाला लावायचा, म्हणजे मध्ये कुठे फट राहिली तरी धूर खोलीत येत नाही, उलट खोलीतली हवाच आत ओढली जाते. किती साधी गोष्ट!

यंत्र त्यानंतर पटकन ठरलं: सीओटू. मला पारदर्शक अ‍ॅक्रिलिक कापायचंय. डायोडचा ४५० नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबीचा निळा किरण त्यातून आरपार जातो, सीओटूचा १०,६०० नॅनोमीटरचा शोषला जातो. पीव्हीसी मात्र कुठल्याच लेझरने कापायचं नाही, त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू निघतो.

मी पाहिलेल्या जाहिरातींत वॅटचा आकडा मोठ्या अक्षरात होता. डोळ्यांना किरणापासून वाचवणारं झाकण आणि तरंगलांबीनुसार निवडायचा चष्मा यांचा उल्लेख मात्र शोधावा लागला. हे मला फार खटकतं. ही यंत्रं घरात येतात, शेजारी मुलं उभी राहून बघतात.

उघड्या फ्रेमचं, म्हणजे झाकणाशिवाय येणारं यंत्र वापरणाऱ्यांनो, तुम्ही झाकण कशाचं केलंय?